निजलेल्या वेलाला उठवताना

सुरतेजवळ कडोदऱ्याला आमच्या गच्चीवर दोडक्याचा वेल चढला तो नुसता माजला. दिवस कलला की सगळा मांडव पिवळ्या फुलांनी भरायचा, पण दोडका म्हणाल तर एक नाही. बोटाएवढं फळ धरायचं, पिवळं पडायचं आणि गळून जायचं. रोज सकाळी ती गळ झाडताना माझं डोकं फिरायचं.

बी सासूबाईंच्या माहेरचं, धुळ्याकडचं. तिकडे आता सगळे बाजारातलं बी लावतात, हे जुनं फक्त त्यांच्या पुडीत उरलं होतं. पुडीतलं सगळं आम्ही पेरून बसलो होतो. एकही दोडका वेलावर वाळला नाही तर ते बी संपलं. म्हणून त्या दुखरे गुडघे घेऊन रोज गच्ची चढायच्या.

आधी मी बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष दिला आणि पिण्याचं पाणी घातलं. मग उन्हाला दोष देऊन जुन्या साडीचा आडोसा केला. सासूबाईंनी नजरेसाठी फाटकी चप्पल टांगली. सगळं मुसळ केरात.

मग एकदा वाळलेले कपडे काढताना शेजारच्या लूमच्या शेडवर लक्ष गेलं. हॅलोजनभोवती पतंगांचा नुसता गोंधळ चालला होता. दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, त्याच्याकडे येणार ते हेच पतंग, आणि ते सगळे तिकडे दिव्यावर डोकं आपटत होते. मी तणतणत वॉचमनकडे गेले. तो हसला. "बत्ती बंध करुं ने चोरी थाय तो?"

राहता राहिला आपला हात. नर फुलातली पिवळी धूळ मादी फुलाला लावायची, एवढंच तर काम. पण मी फूल धरलं आणि सासूबाई ओरडल्या, "हात लावू नको! दिवा लागना, झाड निजेल शे."

झाड निजलेलं असतं म्हणून आमच्या घरात दिवेलागणीनंतर तुळशीचं पानसुद्धा कोणी तोडत नाही. सकाळी करावं, तर फुलं मिटून मलूल झालेली. मी चिडून म्हटलं, "आई, बी जाईल!"

"जाऊ दे. निजेल जीवले कोन उठाडस?"

संताप संताप झाला. मी बोलणंच टाकलं.

पुढे एका संध्याकाळी वर गेले तर सासूबाई वेलापुढे हात जोडून बसलेल्या. "उठ माय. माफ कर. काम शे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दाखाड."

मी दाखवलं. त्यानंतर रोज त्या प्रत्येक फुलाची माफी मागत धूळ लावायच्या. गावाकडे हेच काम पतंग न सांगता करून जातात. इथे म्हातारीने फुलाफुलापुढे हात जोडायचे आणि तो दिवा रिकाम्या अंगणावर जळत राहायचा. माझा राग अजून गेलेला नाही.

दोडके धरले. एक आम्ही वेलावरच वाळू दिला. सासूबाईंनी तो कानाशी धरून हलवला, आत बी खुळखुळलं.

"आता तरी हसा," मी म्हटलं.

"जवय मी नही राहसू, तवय इले कोन उठाडी?"

"मी उठवीन."

"माफी मांगशी?"

मला त्या दिव्याची, शेडची, सगळ्यांची चीड आली. माफी खरं तर त्या दिवेवाल्यांनी मागायला हवी होती.

"मागेन," मी म्हटलं. तेव्हा सासूबाईंनी तो दोडका माझ्या हातात दिला.