आक्काचा फ्लेक्स

भवानी पेठेतल्या बाळासोच्या कानात सांगितलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या पेठेत व्हायची. टॉवेल-चादरींचं छोटं दुकान होतं त्याचं. बायका टॉवेल बघायला यायच्या आणि शेजारच्या घरातलं भांडण तेवढं घेऊन जायच्या. त्यात त्याला फ्लेक्सची हौस भारी. पोरगं दहावी सुटलं, लावला फ्लेक्स. नवी स्कूटर आली, लावला फ्लेक्स. त्यावर स्कूटर एवढीशी आणि गॉगल घातलेला बाळासो हा एवढा.

पण माणूस काळजाचा वाईट नव्हता. मोहोळची थोरली बहीण, शालनआक्का, म्हणजे त्याचा जीव. आई गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. जन्मभर मिसरी लावून त्या आक्काच्या गालात गाठ आली. नागपंचमीला ती माहेरपणाला आली तेव्हा बाळासोनं तिला धरून बार्शीच्या डॉक्टरांकडं नेलं. कॅन्सर निघाला. लगेच ऑपरेशन करा, गालावरच भागेल, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी योजनेत थोडं बसत होतं, बाकीचं घरातून घालायचं होतं. आक्का विधवा, पदरात लग्नाची लेक ऋतुजा. बाळासोनं दुकानावर मजला चढवायला ठेवलेली ठेव मोडली आणि पैसे आक्काच्या हातात ठेवले.

आक्का म्हणाली, "बाळ्या, येक ऐक. ऋतुजाचं ठरंस्तवर कुटं बोलू नगंस. बार्शीची माणसं बघून गेल्याती. रोगाचं कळलं तर बिचकतील."

"आक्का, गळ्याशपथ! माझ्या तोंडातनं शबुद जायचा न्हाय."

आणि खरंच गेला नाही हो! पेठ चकित झाली. बाळासो गप्प, म्हणजे बायकोनं हाणला की काय, अशी चर्चा सुरू झाली. पण एवढी मोठी मदत करायची आणि कुणाला पत्ताच नाही, हे त्याला पचेना. शेवटी मनाशी म्हणाला, आक्कानं बोलायला मना केलंय, आपण बोलतोय कुठं? गेला फ्लेक्सवाल्या ईश्वरप्पाकडं. 'लाडक्या भगिनीच्या कॅन्सर शस्त्रक्रियेस बंधू बाळासो यांचा मदतीचा हात.' हे भवानी पेठेत लागणार, बार्शीच्या माणसांना दिसतंय कशाला, असा त्याचा हिशेब. ईश्वरप्पा म्हणाला, "दुसरा काढलास तर निम्म्या पैशात देतो की." निम्म्या पैशात म्हटल्यावर बाळासो विरघळला. दुसरा गेला मोहोळच्या स्टँडसमोर.

ईश्वरप्पानं वाढदिवसाचाच साचा वापरलेला. मधोमध आक्काचा फोटो, भोवती झेंडूचं कडं. अक्कलकोटकडची बजाबाई मावशी एसटीतून उतरली. तिला वाचता येत नव्हतं. म्हाताऱ्या बाईचा फोटो आणि भोवती फुलं, एवढंच तिनं पाहिलं. स्टँडपासून आक्काच्या दारापर्यंत ती ऊर बडवत आली.

"गेलीस गं माझे बाय! मला न सांगता गेलीस गं!"

दारात आक्का भांडी घासत होती. "मावशे, कोन गेलं गं?"

मावशीनं किंकाळीच फोडली. मग हात लावून पाहिलं, चिमटा काढून पाहिला, आणि दोघी चहा पिऊन हसल्या. गल्लीही हसली.

ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यामुळं मात्र सगळं बिघडलं. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरत बार्शीला गेला. संध्याकाळी निरोप आला, "सध्या राहू द्या, पुढचं पुढं बघू." ऋतुजा आत जाऊन कडी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी आक्का दुकानात आली. गिऱ्हाइकांदेखत तिनं पैशाचं फडकं गल्ल्यावर ठेवलं.

"आक्का, अगं, लोकांनी चांगलंच म्हटलं की..."

"व्हय, तुला म्हटलं. घे पैसं. म्हस इकीन, कांदा इकीन, न्हायतर मरीन. तुझं न्हाय घ्यायची."

"आक्का, पाया पडतो. डॉक्टर काय म्हणलेत ठाव हाय की तुला."

"ठाव हाय," म्हणाली आणि गेली.

बाळासोनं स्वतः दोन्ही फ्लेक्स उतरवले. मोहोळला किती खेपा घातल्या. आक्का ताटात भाकरी वाढायची, पण पैशाचा विषय निघाला की उठून जायची. म्हशीला गिऱ्हाईक लागलं पितृपक्षात. कांद्याचे पैसे आले दिवाळीनंतर. तोवर गाल सुजून डोळ्याला लागला होता.

बार्शीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढला. "आता जबडा जाणार, जिभेचाही बराचसा भाग जाणार. बोलणं राहणार नाही. तेव्हाच सांगितलं होतं ना? एवढा उशीर का केलात?"

बाळासोनं तोंड उघडलं. ऋतुजा मामाकडं बघत राहिली.

आक्कानं पदरानं लाळ पुसली. "पेरणीची घाई हुती, सायेब."

तिचं रान कितीतरी वर्षं वाटेकऱ्याकडं होतं. पेरणीला तिनं बांधावर पाऊलही टाकलेलं नव्हतं.

नर्सनं विचारलं, नातेवाईक म्हणून सही कोण करणार? आक्कानं बाळासोकडं बोट दाखवलं. वाढलेलं बिलही त्यानंच भरलं. या वेळी ती नाही म्हणाली नाही.

ऑपरेशन झालं, आक्का वाचली. नळीनं पेज घेते, माणसं ओळखते, मानेनं हो-नाही सांगते. पण नीट कळेल असं ती शेवटचं बोलली ते डॉक्टरांपुढंच. बाळासो दर सोमवारी दुकान बंद ठेवून मोहोळला जातो, तिच्या उशाशी बसतो. 'ह्या बाळ्यानं केलं' एवढं ती त्या दिवशी म्हणाली असती, तर त्याला रडायला तरी सोपं गेलं असतं.