आम्हीतला ह

बेटेगावच्या पुढच्या पाड्यावर आमची शाळा. शिक्षक दोनच, एक मी आणि एक चंद्रभान गुरुजी. गुरुजी मूळचे केळव्याचे, पानवेलीच्या वाडीत वाढलेले. दहावीला इंग्रजीत एकदा नापास झाले, ते स्पेलिंगमुळे, असं ते आजही सांगतात. तेव्हापासून त्यांचं आणि इंग्रजीतल्या के या अक्षराचं पटत नाही. सुरीला नाईफ म्हणायचं आणि लिहिताना पुढे के लावायचा, हा पोरांवर अन्याय आहे, असं ते अगदी तळमळीने सांगतात.

गेल्या वर्षी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत ते उठले आणि म्हणाले, कानाला जे ऐकू येतं तेच पोरांना लिहू द्या, मग बघा कशी भराभर वाचायला लागतात. बोईसरचे प्रफुल्ल सर मिश्कील. त्यांनी विचारलं, "गुरुजी, मग माझ्या नावातला एक ल कमी करू का?"

"करा की. पगार तेवढाच राहील."

सगळे हसले, चहा आला, विषय तिथेच संपला.

गुरुजींनी मात्र तो सोडला नाही. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत नवसीने नाईट हा शब्द एन-ए-आय-टी असा लिहिला, त्यांनी पूर्ण गुण दिले. असे बरेच दिले. पेपर फेरतपासणीला गेले आणि ते सगळे गुण कापले गेले. नवसी इंग्रजीत नापास. जूनच्या पुनर्परीक्षेत पास झाली तर सहावी, नाहीतर पुन्हा पाचवी. तिचा बाप जिवल्या म्हणाला, पुन्हा पाचवीच करायची तर पोर घरी राहील, भावंडं सांभाळील.

गुरुजींचा चेहरा उतरला. मी स्पष्टच बोलले, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण पेपर तपासणाऱ्याला ते मान्य नाही ना. आहे ते स्पेलिंग शिकवा तिला. त्या संध्याकाळी देवीपुढे दिवा लावताना मी नवसीचं नाव घेतलं.

मे महिन्याची सुट्टी, तरी गुरुजी रोज शाळेच्या ओट्यावर तिला घेऊन बसायचे. मीही जायचे. एकदा नी हा शब्द आला. नी म्हणजे गुडघा, त्यालाही पुढे के. गुरुजींनी इंग्रजांच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. नवसीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली,

"गुरुजी, आम्हीतला ह तरी आमी कुठं बोलतो? तुमी रोज लाल पेनाने लिवून देता."

खरंच होतं ते. चार वर्षं ती वहीत आमी लिहायची आणि चार वर्षं गुरुजी त्यात ह घालायचे. मी म्हटलं, काय गुरुजी, काढायचा का ह?

"ह कसा काढणार, बाई? शब्द बोडका दिसेल," ते म्हणाले, आणि मग स्वतःच इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तेव्हापासून नवसी असल्या सगळ्या अक्षरांना 'आम्हीतला ह' म्हणू लागली. के दिसला की, हा त्यांचा आम्हीतला ह. नाईटमध्ये तर जी आणि एच, म्हणजे दोन-दोन. भीती गेली आणि हौस इतकी वाढली की गुडघ्याला के आहे म्हणून तिने नाकाला आणि मानेलाही एकेक के देऊन टाकला. गुरुजींना इतक्या वर्षांनी दोन के हक्काने खोडायला मिळाले. फार समाधानाने खोडले त्यांनी.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत पन्नासपैकी सव्वीस. गुरुजी तसेच स्कूटर काढून नवसीच्या घरी गेले. जिवल्या आत जाऊन त्यांच्यासाठी खाट घेऊन आला. नवसीची आई सोमी पुढे आली आणि तिने एवढंच विचारलं, "सहावीचा ड्रेस कंच्या रंगाचा हाय?"

गुरुजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथूनच मला फोन लावला. आमच्या शाळेत सहावी नाही, मला तरी कुठून माहीत असणार? मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते.