तीनदा गोठवलेलं मटण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना मध्येच कुणी हसलं की मला पुढचं सुचत नाही. माझ्या हातून आजवर गाढवपणा पुष्कळ झाला, पण सासऱ्यांच्या पहिल्या पाहुणचारात जो झाला, त्याला तोड नाही!

एकाहत्तर सालची गोष्ट. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. मी कर्जत तालुक्यातल्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. लग्नाला सहा महिने झालेले. आमचे सासरे, आप्पा, संगमनेरकडचे. प्रवरेच्या पाण्यावर ऊस काढणारा माणूस. लेक कोरडवाहू मुलखात दिली, तीही गुरांना सुया टोचणाऱ्याला, हे काही त्यांच्या गळी उतरलं नव्हतं.

एक दिवस त्यांचं कार्ड आलं. ‘रविवारी येतो. सुमन सुखात आहे का बघतो. नसल्यास चार महिने माहेरी घेऊन जाईन.’

चार महिने! अहो, सहा महिन्यांचा तर संसार! मला तिच्या हातच्या भाकरीची सवय लागली होती. आणि आता लाजायचं वय राहिलं नाही म्हणून सांगतो, तिचीही लागली होती.

मी ठरवलं, आप्पांना असं मटण खाऊ घालायचं की लेकीला न्यायचं नावच काढणार नाहीत. आमच्या गावात बकरं पडायचं ते फक्त रविवारी. सकाळीच जाऊन दोन वाटे आणले. दुपारची एस.टी. आली, आप्पा नाहीत. संध्याकाळची आली, तरी आप्पा नाहीत.

“शिजवून टाकते,” सुमन म्हणाली. “दोघं खाऊ.”

“खुळी का काय? आप्पा उद्या आले तर त्यांना काय, डाळ घालायची? आपल्याकडे फ्रीज आहे!”

आपल्याकडे म्हणजे दवाखान्यात. रॉकेलवर चालणारा, सरकारी, जनावरांच्या लशी ठेवायचा. आणि त्या लशींबद्दल मी गावोगाव काय सांगत हिंडायचो ठाऊक आहे? ‘एकदा बर्फातून निघून उन्हात राहिलेली लस परत बर्फात ठेवून चालत नाही. फेकून द्यायची!’ तोंडपाठ होतं मला. पण ते लशीबद्दल हो! मटणाचा न् लशीचा काय संबंध? डॉक्टरसाहेब लसीकरणाच्या दौऱ्यावर होते, ते बुधवारी येणार होते. मी मटण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यात भरलं आणि दिलं बर्फाच्या कप्प्यात सारून.

सोमवारी पहाटेच डबा काढून घरी आणला. पार दगड झाला होता. दहाच्या एस.टी.नं आप्पा उतरले, खांद्यावर गुळाची ढेप. पाय धुऊन बसतात न बसतात तोच मी छाती फुगवून म्हणालो, “आप्पा, आज मटण बरं का!”

“आज सोमवार न्हाई का पाव्हणं?”

आतून सुमननं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. “मी सांगनारच हुते,” ती नंतर कुजबुजली. “आप्पा सोमवारचं खात न्हाईत. पन तुमी कुनाला बोलू देताय व्हय!”

तोवर दुपार झाली होती. दगडाचं परत मटण झालं होतं, परातीत पाणी साचलं होतं. मी डबा पुन्हा बर्फात नेऊन ठेवला.

मंगळवारी पहाटे परत काढला. सोमवार तर संपला, आता कोण आडवं येतंय? आप्पा आले आडवे!

“मंगळवार देवीचा. मी धरलाय.”

“कदी धरला आप्पा? तुमी तर मंगळवारचं खायचे!” सुमननं विचारलं.

आप्पांनी मान खाली घातली. “तुजं लगीन झालं तवापासून. म्हनलं, लेक परमुलखात दिलीया. ती सुखात हाय हे डोळ्यांनी बघत न्हाई, तवर मंगळवार सोडायचा न्हाई.”

सुमननं पदर डोळ्यांना लावला. असा बाप, आणि मी त्याच्या लेकीसाठी त्याच्याशीच मटणाची लढाई लढत होतो. पण भावना भावनेच्या ठिकाणी, मटण मटणाच्या ठिकाणी. डबा तिसऱ्यांदा बर्फात!

बुधवार उजाडला. हा वार कुठल्याच देवाचा नव्हता. आप्पा रान बघायला म्हणून बाहेर पडले, मी डबा आणला आणि सुमननं झाकण उघडलं.

“अहो, वास येतोय.”

“मटणाला मटणाचा वास येणारच. गुलाबाचा येणार आहे का?”

“रंग पन काळपट हाय. मी न्हाई घालायची आप्पांना.”

“बर्फात होतं ते! बर्फात काय बिघडतंय? मसाला जरा सढळ हातानं घाल.”

सढळ म्हणजे किती? तिनं डोळ्यांत पाणी येईल इतका घातला. रटरटायला लागलं तसा घरभर असा घमघमाट सुटला की विचारू नका. ती पाणी आणायला आडावर गेली आणि मी मीठ बघायला म्हणून चुलीपाशी बसलो. मीठ बरोबर आहे हे पहिल्या फोडीतच कळलं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून दोन वाट्या बघितलं.

पाटपाणी झालं. आप्पांच्या ताटात सुमन वाढणार, एवढ्यात दारात डॉक्टरसाहेब! दौऱ्यावरून आधी दवाखान्यात जाऊन तिथून थेट आलेले, अंगावर धूळ आणि हातात लशीचं खोकं. खोक्यावर लाल ओघळ.

“शिंदे! माझ्या लशींवर हे रक्त कुणाचं?”

“बकऱ्याचं, साहेब.” खोटं सुचलंच नाही.

“किती वेळा आत ठेवलंस?”

“तीनदा.”

“आणि मधल्या वेळात?”

“चुलीपाशी होतं साहेब. परातीत.”

साहेब मटकन ओट्यावर बसले. “अरे, बर्फानं जंतू मरत नाहीत, झोपतात! तू त्यांना तीनदा उठवलंस, ऊब दिलीस, वंश वाढवू दिलास आणि परत झोपवलंस! फ्रीजमध्येच गारच्या गार वितळवून परत गोठवलं असतंस तर एकदा चाललं असतं. पण हे? या उन्हाळ्यात? लशीबद्दल गावभर भाषणं ठोकतोस ना तू?”

“पण साहेब, आता चांगलं उकळलंय. मेले असतील की सगळे.”

“ते मरतील. त्यांनी करून ठेवलेलं विष कुठं जाईल? लशी मी फेकतो, तू ते पातेलं पुर!”

आप्पांनी हळूच ताट बाजूला सारलं. सुमन माझ्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा विष परवडलं. मी मनात म्हटलं, संपलं! चार महिने कसले, ही आता वर्षभर माहेरी. आणि नेमकं तेव्हाच माझं पोट बोललं. साधंसुधं नाही, ढोलासारखं.

“अहो, तुमी तर खाल्लंय!” सुमन ओरडली.

“मीठ... मीठ बघायला...”

आप्पा उठून उभे राहिले. डोळे भरून आलेले. “म्हंजी तुमालाबी शंका आली हुती. म्हून आमच्या आधी सोता खाऊन बघितलं? पाव्हणं!”

बोलायला थांबलो असतो तर धोतर बदलावं लागलं असतं. परसाकडं धावलो!

पुढचे दोन दिवस मी घरात कमी आणि बाहेर जास्त होतो. कर्जतहून गोळ्या आणल्या त्या आप्पांनी. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं त्यांनी. अहो, जावयाचं टमरेल सासऱ्यानं भरून ठेवलं! असा पाहुणचार कुणी सासऱ्याकडून करून घेतलाय?

शनिवारी निघताना त्यांनी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. “न्यायला आल्तो. न्हाई नेत. ज्या मानसानं आमच्यासाठी जिवावर उदार हून खाल्लं, त्याच्या घरी तुला काय कमी हाय?”

तिकडे जाऊन त्यांनी ही गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत सांगितली. पुढं कुठल्याही लग्नात गेलो की आप्पा चारचौघांत माझा दंड धरून सांगायचे, “ह्ये आमचे जावई. आमचं मरान सोतावर घेतलं यांनी!” म्हाताऱ्या बायका माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडायच्या. आप्पा गेले तोवर त्यांचा हाच समज होता, आणि तो दूर करायचं धाडस मला एकदाही झालं नाही.

सुमनला मात्र खरं ठाऊक आहे. कारण ती आडावरून परत आली तेव्हा मी तिसरी वाटी भरत होतो. तिनं माझ्या हातातून पळी ओढून घेतली नसती ना, तर आप्पांच्या ताटात वाढायला नुसता रस्सा उरला असता!