वसुधाताईंचा सातू

धान्य दिसलं की वसुधाताई त्यातला एक दाणा उचलून दातांखाली फोडत. आमची ओळखही त्यातूनच झाली. जपानातल्या ग्योतोकु स्टेशनजवळच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात पक्ष्यांच्या खाद्याचं पाकीट फोडून त्या बाजरी चावत उभ्या होत्या आणि समोरचा विक्रेता घामाघूम झाला होता. मी नुकतीच पोस्टडॉक म्हणून आले होते. जपानी येत असल्यामुळे मध्ये पडले. हे पोपटांसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं तो म्हणतोय, एवढं मी त्यांना सांगितलं. "मग पोपटांची चैन आहे इथे," त्या म्हणाल्या. दोन पाकिटं घेतली आणि मला भाकरी खायला घरी नेलं.

ताई पन्नाशीच्या, मूळच्या साताऱ्याच्या. यजमान सुधीरराव इथल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. बाई प्रेमळ, पण स्वतःची चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. भाजी खारट झाली तर मीठ जपानी म्हणून. गाडी चुकली तर ती वेळेआधी सुटली म्हणून, आणि हे त्या जपानातल्या गाडीबद्दल छातीठोकपणे सांगत. "मी चुकत नाही गं, लोक घाई करतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चाळीस वेळा हसून 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणायच्या, पण मराठीतलं 'माझं चुकलं' सुधीररावांनी लग्न झाल्यापासून ऐकलेलं नव्हतं.

त्यांच्या खालच्या मजल्यावर साइतो-सान राहायचे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्यांची शेती होती. त्सुनामीत जमीन खाऱ्या पाण्याखाली गेली आणि मुलीने त्यांना इथे आणलं. माडीवर ठेवलेली, म्हणून वाचलेली सातूच्या बियाण्याची एक पिशवी तेवढी ते सोबत घेऊन आले होते. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, कुणाशी बोलत नाहीत, असं मुलगी सांगायची. ताईंनी मात्र त्यांना कचरा ठेवायच्या जागी गाठलं आणि मोडक्या जपानीत बोलतं केलं. चाळीस वर्षं त्यांनी बिअरसाठीचा सातू पिकवून विकला होता. स्वतःच्या सातूची बिअर अशी वेगळी कधी प्यायला मिळाली नव्हती. ताईंना हे भयंकर वाटलं. "जन्मभर पिकवलं आणि घरात एकदा करून बघितली नाही? मग करू या की," त्या मला म्हणाल्या. मी भाषांतर केलं. साइतो-साननी बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी पिशवी वर आणून दिली.

ताईंनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. त्यात जपानात घरच्या घरी एक टक्का किंवा त्याहून कडक काही बनवणं बेकायदा. सुधीररावांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज नुकताच गेला होता, ते हादरलेच. "एक टक्क्याच्या आत करू," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे ताक याहून जास्त चढतं."

नवशिक्यांसाठीची सगळी माहिती मी इंटरनेटवरून काढली. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भरडायचा, मग तासभर गरम पाण्यात ठेवायचा. त्यात पिठाची साखर होते आणि त्या गोड पाण्यात यीस्ट घालायचं. ताईंनी ऐकून घेतलं आणि मान उडवली. नाचणीचं सत्त्व करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोड तर असे आले की मी फोनवर फोटो काढून ठेवला. दाण्यादाण्याला पांढरी शुभ्र मुळं. बाल्कनीत वाळवणही झालं. मग त्यांनी कढई चढवली. मंद आचेवर नुसतं सुकवायचं असं लिहिलंय, मी म्हटलं. भाजल्याशिवाय सत्त्वाला वास येतो का, असं मलाच विचारून त्यांनी सगळा सातू खमंग, बदामी भाजला आणि मिक्सरमधून बारीक काढला.

त्या शनिवारी दुपारी साइतो-सान इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. ताईंनी भरडलेला सातू गरम पाण्यात घालून पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. तासाने चव घेतली. गोडवा नाही. आणखी तासाने घेतली, तरी नाही. मी आयोडीनचा थेंब टाकला आणि तो निळाकाळा झाला, म्हणजे पीठ होतं तसंच होतं. मोड येताना दाण्यात जे तयार होतं, ज्याने पिठाची साखर होते, ते कढईत जळून गेलं होतं. मला कळलं, आणि माझा चेहरा बघून ताईंनाही कळलं.

साइतो-सान उठले आणि ताईंपुढे कमरेत वाकले. माफ करा, ते म्हणाले, दाणेच मेलेले असणार. जुने आहेत, खाऱ्या हवेतले आहेत. भिजवून बघायचा मला कधी धीर झाला नाही.

सुधीररावांनी लगेच मान हलवली. जुनं धान्य, दुसरं काय होणार. मीही गप्प बसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. ताईंना काही करावंच लागणार नव्हतं, नुसतं 'हो' म्हटलं की भागत होतं. त्या खाली जमिनीवर साइतो-सानसमोर बसल्या.

"सांग त्यांना," त्या मला म्हणाल्या. "दाणा जिवंत होता. मी मारला. माझं चुकलं."

मी ते शब्दाला शब्द जपानीत सांगितलं. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मोडांचा फोटो साइतो-सानपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. मुळांवरून अंगठा फिरवला, तेव्हा फोटो सरकला आणि ताईंनी तो परत आणून दिला. खाली उरलेली अर्धी पिशवी आणून देऊ का, असं साइतो-साननी विचारलं. "मला नको," ताई म्हणाल्या. "पेरा."

बिअर झाली ती पुढच्या उन्हाळ्यात, साइतो-साननी पुतण्याच्या उंचावरच्या शेतात पेरलेल्या सातूची. त्यांनीच पाठवला होता. कढई अर्थातच चढली नाही. बिअर पाणचट झाली आणि ताईंनी ती वासही न घेता सगळ्यांना वाढली. आता ताई नाहीत. परतल्यावर साताऱ्यातच गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला ती बिअर नाही आठवत, पेरणीसाठी साइतो-सान गावी निघाले तो दिवस आठवतो.

आम्ही स्टेशनवर पोहोचवायला गेलो होतो. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. गाडी येताना दिसली तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात, तर जळणारा कचरा नेतात त्या पुढच्या वारी मी ही पिशवी टाकून देणार होतो."

मी ते मराठीत सांगितलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर असणाऱ्या ताई वाकल्या, आणि गाडी निघून जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.