इशबेलची सपाट पेडलं

रविवारी सकाळी इशबेलचा नवरा वुल चुलीपाशी उभा राहून ओटची पेज ढवळत होता आणि ती बुडाला लागू नये म्हणून तिच्याशी गोडीगुलाबीनं बोलत होता. इशबेल टेबलाशी त्याचा मोजा रफू करत बसली होती. बाहेर इनरलेदन गावातली छपरं हिमानं पांढरी झाली होती, नदीकाठचं गवत काचेसारखं ताठ उभं होतं. अशा सकाळी घरात बसल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, म्हणून इशबेलला अलीकडे कडाक्याची थंडी आवडायला लागली होती.

तेवढ्यात दारावर मूठ आपटली. कोण आलंय ते वळून बघायची गरज नव्हती. तिची मैत्रीण सेंगा टर्नबुल दार ठोठावते ती निव्वळ शिष्टाचार म्हणून, उत्तराची वाट बघायची तिला सवय नाही.

"पेज आहे का उरलेली?" आत येता येता तिनं विचारलं आणि पावाची एक पिशवी टेबलावर आदळली. पिशवीतून लोखंडासारखा आवाज आला. "हे घे. भावाच्या जुन्या सायकलची काढून आणलीत. सपाट पेडलं. आता तुझी सगळी कारणं संपली."

इशबेलची सुई मोज्यातच थांबली.

डोंगरात सायकल चालवणं आमच्या गावात नवलाचं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर बटाटे सोलणारी इशबेल डॅलग्लीश रविवारी चिखलानं माखून घरी यायची, आणि शेजारीपाजारी फक्त "आज ओढ्याला पाणी किती?" एवढंच विचारायचे. तरुणपणापासून ती बूट अडकवायच्या पेडलांवरच चालवत आली. बुटाच्या तळाला धातूची एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतही तिची टाच वळत असेल, असं वुल म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात ती वळली नाही. ओढा ओलांडताना बूट भिजले आणि वरच्या सावलीत त्या पट्टीभोवतीचं पाणी गोठलं. वळणावर बर्फ दिसला म्हणून इशबेल थांबायला गेली, तिनं टाच वळवली, तर पाय जागचा हलेना. सायकलसकट ती आडवी झाली ती थेट चरात. वर सायकल, खाली ती, आणि पाय अजून पेडललाच. बोटं इतकी बधिर झालेली की बुटाचा बंद सुटता सुटेना.

आमच्याकडे डोंगर उतरणारे सगळे सायकलवाले खालच्या फाटकाशी एकमेकांची वाट बघतात आणि शेवटी येणारा, मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून, फाटक लावून घेतो. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "इशबेलला थंडी वाजत होती, ती रस्त्यानं गेली असणार." असं नेहमी कुणी ना कुणी जातंच, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. चरात पडल्या पडल्या तिला खालचं हसणं ऐकू आलं, मग फाटक लागल्याचा आवाज, मग काहीच नाही. तिनं हाका मारल्या. शेवटी बुटातून पाय उपसून ती एका मोज्यावर डोंगर उतरली.

गावातल्या दुकानात सगळे चहा पीत बसले होते. तिला तशी आलेली बघून ते हसले, तशी तीही हसली आणि तिनं सगळी हकिकत गंमत म्हणूनच सांगितली. तेव्हापासून ती एका मोज्याची इशबेल. हाका मारल्या होत्या, हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. वुललासुद्धा नाही. सायकल भाचीला देऊन टाकू, एवढंच ती हल्ली म्हणत असे. आताही तेच म्हणाली.

"भाचीला कशाला?" सेंगा पेजेत मीठ घालत म्हणाली. "तिला पुढचा ब्रेक कुठला ते कळत नाही. वुल, पाना आण."

उजवं पेडल चटकन निघालं. डाव्याशी वुलची झटापट सुरू झाली. तो घामाघूम झाला तरी ते तसूभर हलेना. इशबेल दारात उभी राहून बघत होती आणि मनात म्हणत होती, नको निघू रे बाबा, असाच गंजून बस.

"उलटं फिरव ना," सेंगा म्हणाली. "डाव्याचे आटे उलटे असतात. घट्ट करतोयस तू ते."

"मला माहीत आहे," वुल म्हणाला.

"दिसतंय ते."

पेडल निघालं.

नवी पेडलं तळहाताएवढी रुंद, वर बुटाला पकड मिळावी म्हणून बारीक खिळे. इशबेलनं वुलचे जाड मोजे आणि साधे चामडी बूट घातले. चढावर बरं चाललं होतं. पाय उबदार होते, सेंगाची बडबड शेजारी होती. पण डोंगरमाथ्यावर पोचल्यावर तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. आधी पाय अडकला म्हणून भीती, आता पाय कशालाच धरून नाही म्हणून भीती. झाडांच्या मुळांवरून सायकल अशी उडते, मग पाय कुठे जाणार?

"टाचा खाली दाब," सेंगा म्हणाली. "पायानं सायकल वर ओढायची जुनी खोड सोड, नाहीतर सायकल राहील खाली आणि तू जाशील वर. चल, मी पुढे होते."

आणि गेलीसुद्धा. झाडांच्या मागे तिचं लाल जाकीट एकदा दिसलं, मग दिसेनासं झालं.

इशबेल जीव मुठीत धरून निघाली. पहिल्याच मुळावर सवयीनं पाय वर ओढला गेला, पेडल सुटून गरकन फिरलं आणि खिळे नडगीत रुतले. डोळ्यांत पाणी आलं. थांबायचं तर उतार थांबू देईना. पुढे सावली आली, सावलीत ते वळण, वळणावर काळा गुळगुळीत बर्फ. तिचे हात ब्रेकवर आवळले, पुढचं चाक सरकलं.

सायकल चरात पडली. इशबेल उभी होती. पाय आपणहून जमिनीवर आला होता, बूट गोठलेल्या गवतात रुतला होता. ती सुखरूप होती, नडगीवरच्या खिळ्यांच्या खुणा सोडल्या तर कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी ती उतारावरचा कानोसा घेत होती. खालून काहीच ऐकू येत नव्हतं.

"सेंगा," तिनं हाक मारली. आधी हळू. मग पुन्हा, मोठ्यानं.

बराच वेळ नुसती झाडं. मग खालून धापा टाकण्याचा आवाज आला आणि सायकल ढकलत, शिव्या देत सेंगा वर आली.

"काय गं? मोजा आहे ना पायात?"

इशबेलला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. सेंगानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सायकल झाडाला टेकवली.

"पडलीस?"

"नाही. पाय सुटला. चांगली आहेत तुझी पेडलं."

"मग?"

"त्या दिवशी मी हाका मारल्या होत्या, सेंगा. खूप वेळ. तुमचं हसणं ऐकू येत होतं मला."

सेंगानं हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले."

वारा आला, फांद्यांवरचा बर्फ दोघींच्या खांद्यांवर सांडला. इशबेलनं चरातून सायकल ओढून काढली, सरळ उभी केली.

"सायकल चालवणार आहे मी," ती म्हणाली. "फक्त उतरताना तू माझ्या पुढे जाऊ नकोस. मागून ये."