आतली सूज

माझ्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं कळलं, त्या दिवसापासून मी खाट धरली. पाण्याचा तांब्यासुद्धा बायको हातात आणून द्यायची. परंड्यात किल्ल्याच्या रस्त्यावर आमचं घर आहे. खिडकीतून रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ दिसायचे. अंगावर धोतर-सदरा, पायात नातवाचे वाटावेत असे पांढरे बूट. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ते चालायचे, खांबाला हात लावून थांबायचे आणि दम खाली बसला की पुढं निघायचे.

एकदा ते आमच्या ओट्यावर टेकले. त्यांचंही हृदय कमजोर आहे, हे तेव्हा कळलं.

"मग तुम्ही चालता कसं?" मी घाबरून विचारलं.

"डॉक्टरनं तपासून सांगितलंय. हृदय थकलं की अंगात आतल्या आत सूज धरती, पायावर दिसती ती न्हाय, येगळी. रोज बेतानं चाललं तर ती कमी व्हती म्हणं."

"झाली का कमी?"

"आतलं मला काय दिसतंय? पर पयल्यांदा एका खांबाला बसलो व्हतो, आता सात व्हत्यात."

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती. भ्या गेल्यावर चालू म्हणलं असतं, तर आजून खाटंवरच असतो."

त्याच आठवड्यात मी माझ्या डॉक्टरांना, चालू का म्हणून विचारलं. त्यांनीही तपासून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बायकोचा हात धरून मी रस्त्यावर उतरलो. ते म्हातारे गृहस्थ मागून आले. त्यांनी आपली चाल माझ्याएवढी हळू केली.