तहाची खुर्ची

सरांना न बोलावता मी त्यांचा निकाल लावला, हे आधीच सांगून टाकतो.

मंडईजवळ दुसऱ्या मजल्यावर माझा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. सर तिथे इतिहास शिकवायचे. पहिल्या महायुद्धाचा शेवट आला की टेबलाजवळ एक रिकामी खुर्ची ओढून ठेवायचे आणि फळ्यावर नकाशा काढायचे. वसंतात जर्मनीने सगळं बळ लावून केलेली चढाई, ऑगस्टपासूनची पीछेहाट, एकेक करून गळालेले तिचे साथीदार. नोव्हेंबरच्या बाणाशी खडू थांबायचा.

"बघा, युद्ध थांबलं तेव्हाही जर्मन फौज परक्या मुलखात उभी होती. घरच्यांना पराभव दिसलाच नाही." मग हात झटकून खुर्चीकडे वळायचे. "आणि तहाच्या चर्चेला जर्मनीला बोलावलं नाही. सहीला तेवढं बोलावलं. अशी सही टिकते का?"

एवढ्याला त्यांना तीन तास लागत. परीक्षेत प्रश्न येई एक. मी कुरकुरलो की म्हणायचे, "अहो संचालक, चार वर्षांचं युद्ध तीन तासांत संपवतो, तरी तुम्हाला उशीरच."

गेल्या वर्षी मुलांनी तक्रार केली, अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून. मी बाकीच्या दोन शिक्षकांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि अर्ध्या तासात सरांचा विषय दुसऱ्याला दिला. सर समोर असते तर माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून त्यांना बोलावलं नाही. पत्नी गेल्यापासून तो वर्ग हाच त्यांचा दिवस होता, हे मला माहीत होतं. तरी नवं वेळापत्रक सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं.

चष्मा पुसून त्यांनी कागद दोनदा वाचला. "चर्चा झाली?"

"हो, सर."

"कोणाकोणाशी?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. वर्गात जाऊन ती खुर्ची भिंतीला लावली आणि जिना उतरून गेले.

यंदा नव्या शिक्षकांनी तो भाग वीस मिनिटांत उरकला. मी मागे उभा होतो. माझी नजर सारखी भिंतीकडे जात होती.

परवा कसबा पेठेत सरांच्या घरी गेलो. समोरच्या खुर्चीवरचे पेपर उचलत ते म्हणाले, "बसा, संचालक."

मला बसवेना. उभ्यानेच म्हणालो, "सर, त्या दिवशी तुम्हाला बोलवायला हवं होतं. तुमच्यासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. चुकलो मी. माफ करा."